फोन कोणाला लावायचा आणि सही कोणाची चालते

आमच्या छोटूला फीट आली तेव्हा तो कार्यशाळेत मेणबत्त्यांच्या वाती कापत बसला होता. छोटू म्हणजे माझा धाकटा भाऊ. वय 43, पण घरात नाव पडलं ते पडलं. त्याला बौद्धिक अक्षमता आहे आणि सोबत फीटचा त्रास. कार्यशाळेतल्या ताईंनी रजिस्टर उघडून पहिला नंबर लावला. तो आमच्या नागपूरच्या महाल भागातल्या घरच्या लँडलाइनचा होता. लँडलाइन कधीच काढली होती, आणि ती उचलणारे बाबा त्याच्याही आधी गेले होते. दुसरा नंबर शेजारच्या काकूंचा. काकू मुलाकडे पुण्याला राहायला गेल्याला चार वर्षं झालेली. तिसरा रकाना रिकामा.

"मी तर लावूनच राहिली होती ताई, पण लागूनच नाही राहिला," त्या नंतर मला म्हणाल्या, जशी काही चूक त्यांचीच होती. चूक आमची होती. तो फॉर्म बाबांनी 2009 मध्ये भरला होता, आणि त्यानंतर घरात कोणाला त्याची आठवणही झाली नव्हती. त्या दिवशी निभावलं ते छोटूला रोज ने-आण करणाऱ्या ऑटोवाल्या भाऊंमुळे. माझा नंबर त्यांच्याकडे होता.

छोटूसाठी एक पान लिहायचं मी त्या रात्री ठरवलं. वाटलं होतं अर्ध्या तासाचं काम आहे, पाच-सहा नावं आणि पाच-सहा नंबर. प्रत्यक्षात दीड महिना गेला. नंबर पटकन मिळाले, पण प्रत्येक नावापुढे "हा माणूस छोटूचा कोण आणि त्याला काय करता येतं" हे लिहायला गेले की पेन अडायचा.

आपण "संपर्क व्यक्ती" हा एकच रकाना भरतो, आणि त्यात पाच वेगवेगळी कामं कोंबतो. फीट आल्यावर ज्याला बोलवायचं तो एक. छोटूला काय होतंय हे ज्याला कळतं तो दुसरा. डॉक्टरांशी, शिक्षकांशी त्याच्या वतीने बोलणारा तिसरा. कायद्याने ज्याची सही चालते तो चौथा, आणि पैसे हाताळणारा पाचवा. आमच्या घरी आई ही सगळी कामं एकटी करत आली, त्यामुळे ती वेगळी आहेत हे कोणाच्या लक्षातच आलं नाही. आई आता 76 वर्षांची आहे.

मेलबर्नला राहणाऱ्या मावसबहिणीशी बोलताना कळलं की ऑस्ट्रेलियाच्या दिव्यांग विमा योजनेत ही फोड नियमातच आहे. पत्रं घेणारा, माहिती विचारणारा "कॉरस्पॉन्डन्स नॉमिनी" वेगळा आणि योजनेचे निर्णय घेणारा "प्लॅन नॉमिनी" वेगळा. तिथला नॉमिनी माणूस हयात असताना त्याच्यासाठी काम करतो. आपल्याकडे बँकेतल्या नॉमिनीचं काम खातेदार गेल्यानंतर सुरू होतं, तोवर त्याला खात्यातला एक रुपयाही काढता येत नाही. "मी नॉमिनी आहे ना छोटूच्या खात्यावर" असं आमचे मोठे दादा कितीतरी वर्षं छाती फुगवून सांगत होते. मी त्यांना हे समजावलं तेव्हा ते दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

मलाही शहाणपण आलं ते ठेच लागूनच. बाबांनी छोटूच्या नावाने मुदत ठेव केली होती. ती मोडायची वेळ आली तेव्हा मी सगळी कागदपत्रं पिशवीत भरून बँकेत गेले. साहेब भला माणूस. त्याने कागद चाळले आणि विचारलं, "पालकत्वाचा दाखला?" मी म्हटलं, मी सख्खी बहीण आहे. "ते खरं आहे ताई, पण तो कागद नाही ना," तो म्हणाला. मला तेव्हा राग आला होता. आज वाटतं, तो बरोबर होता. मी सख्खी म्हणून त्याने मला पैसे दिले असते, तर उद्या दुसऱ्या कोणा सख्ख्यालाही दिले असते.

हा दाखला म्हणजे काय, ते जरा सावकाश सांगते, कारण घोळ इथेच होतो. मूल 18 वर्षांचं होईपर्यंत आईवडील त्याचे नैसर्गिक पालक असतात. अठरावा वाढदिवस झाला की कायद्याच्या नजरेत ते सज्ञान, मग त्याला स्वतःचं नाव लिहिता येवो न येवो. त्या दिवसापासून आईची सहीसुद्धा आपोआप चालत नाही. ज्यांना खरंच गरज आहे त्यांच्यासाठी 1999 चा राष्ट्रीय न्यास कायदा आहे. तो फक्त चार प्रकारच्या अक्षमतांसाठी आहे: स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता. अर्ज जिल्ह्याच्या स्थानिक स्तर समितीकडे करायचा. समितीत जिल्हाधिकारी दर्जाचा अधिकारी, नोंदणीकृत संस्थेचा प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्ती असे तिघं असतात. नागपूरकरांनी सिव्हिल लाइन्सच्या जिल्हाधिकारी कार्यालयातून चौकशीला सुरुवात करावी. अर्ज आईवडील किंवा नातेवाईक करू शकतात.

अर्ज आला की समितीने दोन गोष्टी बघायच्या असतात: या व्यक्तीला पालकाची गरज आहे का, आणि असल्यास कशासाठी. दुसरा प्रश्न मला फार आवडतो. उत्तर "सगळ्यासाठीच" असं द्यायचा मोह होतो. आम्ही बसून विचार केला तर लक्षात आलं, छोटूला बँक, पेन्शन आणि दवाखान्यातल्या मोठ्या निर्णयांसाठी मदत लागते. काय घालायचं, कोणाकडे जेवायला जायचं, कार्यशाळेत कोणतं काम करायचं, याला पालक कशाला?

दाखला हातात आला की हिशेबाची जबाबदारीही आली. नेमणूक झाल्यापासून सहा महिन्यांत त्या व्यक्तीच्या मालमत्तेची यादी समितीला द्यायची, आणि पुढे दरवर्षी आर्थिक वर्ष संपल्यावर तीन महिन्यांत हिशेब द्यायचा. पालक हेळसांड करत असेल किंवा पैसा खात असेल तर त्याला काढण्यासाठी अर्ज करता येतो. ही माहिती आम्ही पानावर लिहून ठेवली आहे, माझ्याच नावाखाली. माझ्याविरुद्ध तक्रार कुठे करायची हे घरात दुसऱ्या कोणालातरी माहीत असायला हवं.

आता या कायद्यात कोण बसत नाही तेही बघू. आमच्या खामल्याच्या काकांना पोलिओ झाला होता, ते व्हीलचेअरवर असतात. बँकेतल्या नव्या पोराने त्यांना विचारलं, "तुमचे गार्डियन कोण?" काका म्हणाले, "बाप्पा, माझी बायको. पण ती माझ्या सगळ्याच गोष्टींची गार्डियन आहे, त्याचा या खुर्चीशी काही संबंध नाही." ज्याला चालता, बघता किंवा ऐकता येत नाही त्याला त्या कारणाने पालक लागत नाही. त्याची सही किंवा अंगठा त्याचाच. त्याला लागलीच तर मदत लागते: सांकेतिक भाषेचा दुभाषी, फॉर्म वाचून दाखवणारा कोणी, रॅम्प. अशा माणसाच्या पानावर "प्रतिनिधी" हा रकाना रिकामा राहिला तर राहू द्या.

मानसिक आजारासाठी रस्ता पुन्हा वेगळा, आणि माझ्या मते तो सगळ्यांत सोपा. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार कोणतीही सज्ञान व्यक्ती आपला "नामनिर्देशित प्रतिनिधी" स्वतः निवडू शकते. साध्या कागदावर लिहायचं, सही किंवा अंगठा करायचा आणि त्या प्रतिनिधीची लेखी संमती घ्यायची, एवढंच. मत बदललं तर केव्हाही रद्द करता येतं. कोणालाच नेमलं नसेल तर कायद्याने क्रम लावून दिला आहे: आधी नातेवाईक, मग काळजी घेणारी व्यक्ती, मग या कायद्याखालच्या मानसिक आरोग्य मंडळाने नेमलेली योग्य व्यक्ती. ज्याचं नवऱ्याशी किंवा भावाशी पटत नाही त्याने तर हा कागद बरं असतानाच लिहावा. मानकापूरच्या प्रादेशिक मनोरुग्णालयात भरती व्हायची वेळ आल्यावर कागद शोधत बसण्यात अर्थ नाही. हा प्रतिनिधी मानसिक उपचारांपुरता असतो. घर विकायला त्याची सही चालत नाही.

कोमात गेलेल्या माणसासाठी मात्र असा तयार रस्ता नाही. अशा माणसाच्या कुटुंबाला उच्च न्यायालयात जावं लागतं. आपल्याकडे खंडपीठ आहे, म्हणून निदान मुंबईची वारी तरी वाचते.

मुखत्यारपत्राबद्दल एक सांगायलाच हवं, कारण "आईने पॉवर ऑफ अॅटर्नी करून दिली आहे ना" हे वाक्य मी कमीत कमी दहा घरांत ऐकलं आहे. 1872 च्या करार कायद्यानुसार, ज्याने मुखत्यारपत्र दिलं तो वारला की ते तिथेच संपतं. आई गेली की आईने दिलेला अधिकारही गेला. आणि दिव्यांग मुलाकडून मुखत्यारपत्र घ्यायचं तर आपण कशावर सही करतोय हे त्याला समजलं पाहिजे. तसंच मृत्युपत्रात "माझ्यामागे छोटूला ताईने बघावं" असं लिहिल्याने सज्ञान छोटूचं पालकत्व मला आपोआप मिळत नाही. असं लिहिणं चांगलंच. आईची इच्छा काय होती हे पुढे समितीला कळतं.

बाबा टपाल खात्यातून निवृत्त झाले होते. आईनंतर कुटुंबनिवृत्तिवेतन छोटूला आयुष्यभर मिळू शकतं, पण त्यासाठी कुटुंबाच्या तपशिलात त्याचं नाव आणि त्याचं अपंगत्व नोंदलेलं असलं तर पुढचा त्रास फार कमी होतो. हे पेन्शनर हयात असतानाच करून घ्यावं. बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलाचं निवृत्तिवेतन कोणी स्वीकारायचं, त्याचं नामनिर्देशनही केंद्राच्या नियमांत पेन्शनर किंवा त्याच्या पश्चात जोडीदार करू शकतो. आईला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मले काहून नाही सांगितलं कोणी?" खरंच कोणी सांगितलं नव्हतं.

यानंतरचं थोडं अवघड आहे. महालातलं घर बाबांच्या नावावर होतं. त्यात छोटूचा हिस्सा आहे, माझा आहे, दादांचा आहे. मी त्याची पालक झाले आणि उद्या घराची वाटणी निघाली, तर टेबलाच्या दोन्ही बाजूंना मीच बसणार. मी कितीही प्रामाणिक असले तरी हे बरोबर नाही. 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याचं कलम 13 याबाबत स्पष्ट आहे. मदत करणाऱ्याचे आणि दिव्यांग व्यक्तीचे हितसंबंध एखाद्या आर्थिक व्यवहारात आमनेसामने आले, तर त्या व्यवहारापुरतं मदत करणाऱ्याने बाजूला व्हायचं. नुसतं रक्ताचं नातं आहे म्हणून कोणावर संशय घ्यायचा नाही, हेही तिथेच लिहिलेलं आहे. त्याच कलमात असंही आहे की दिव्यांग व्यक्ती आपली मदतीची व्यवस्था बदलू शकते, मोडूही शकते. कलम 14 मर्यादित पालकत्वाबद्दल सांगतं: ठरावीक काळासाठी, ठरावीक निर्णयासाठी, दोघांनी मिळून, आणि त्या माणसाच्या इच्छेप्रमाणे.

म्हणून आमच्या पानावर एक ओळ अशी आहे: "घराच्या वाटणीत छोटूच्या बाजूने ताई बोलणार नाही. वकिलीण मावशी बोलतील." ही ओळ लिहिताना दादांनी विचारलं, आपल्यात एवढा अविश्वास आहे का? मी म्हटलं, आज नाही, म्हणूनच आज लिहून ठेवू.

या सगळ्यात छोटूला काय वाटतं हे आम्ही विचारलं ते सर्वांत शेवटी, आणि याची मला अजून लाज वाटते. एका रविवारी तर्री पोहे आणले, त्याला समोर बसवलं, सगळ्यांचे फोटो टेबलावर मांडले आणि विचारलं, "बरं नाही वाटलं तर कोणाला बोलवायचं?" त्याने न अडखळता ऑटोवाल्या भाऊंच्या फोटोवर बोट ठेवलं. ते फोन उचलतात, हे त्याचं कारण. दुसरी मी. दादांचा फोटो त्याने उलटा करून ठेवला. "दादा ओरडते." दादा तिथेच बसले होते. खूप वेळ कोणी बोललं नाही, मग दादा म्हणाले, "ठीक आहे, माझं नाव तिसरं टाका. तोवर मी सुधारतो."

फोटो, बाहुल्या, बोट दाखवणं, मान हलवणं, ज्याला जसं जमेल तसं विचारता येतं. बोलता येत नाही म्हणून मत नसतं असं नाही. आणि कोणाला कळवू नये हाही प्रश्न विचारावा. काही घरांत तो रकाना सगळ्यांत महत्त्वाचा ठरेल, विशेषतः मुलींच्या बाबतीत.

शेवटी आमच्याकडे दोन गोष्टी तयार झाल्या. एक फ्रिजवरचं पान, एक कपाटातली फाइल.

फ्रिजवरचं पान बाहेरच्या माणसासाठी आहे. वर तारीख. मग तिघांचे नंबर, प्रत्येकापुढे नातं आणि तो किती वेळात पोचू शकतो ते. हिंगण्याला राहणारा जावई मनीषनगरच्या शेजाऱ्याच्या आधी लिहून काय कामाचा? त्याखाली फीटच्या गोळ्यांची नावं, डोस, डॉक्टरांचा नंबर, 108 आणि 112. आणि मग ज्या ओळींचा कार्यशाळेला सर्वांत जास्त उपयोग झाला त्या: "पोटात दुखलं की कान ओढतो. उलटी येणार असली की 'पाऊस' म्हणतो. सुईच्या आधी हात धरा, मोठ्याने बोलू नका." दवाखान्यात हे वाचून नर्सबाई म्हणाल्या, असं सगळ्यांनी लिहून आणलं तर आमचं अर्धं काम होईल. जीव वाचवण्याची वेळ असते तेव्हा डॉक्टर सहीसाठी खोळंबून राहत नाहीत, कायदाही त्यांना तशी मुभा देतो. पण फीट कितव्या वर्षापासून येते आणि कोणतं औषध सोसत नाही, हे त्यांना पानाशिवाय कोण सांगणार? त्याच पानाची प्रत कार्यशाळेत, एक ऑटोत, एक छोटूच्या खिशातल्या पाकिटात. माझ्या आणि आईच्या मोबाइलवर कुलूप न उघडताही दिसणाऱ्या आणीबाणीच्या माहितीत पहिले दोन नंबर भरले आहेत.

फ्रिजवरच्या पानावर आधार क्रमांक, खातं क्रमांक, पिन यातलं काहीही नाही. ते सगळं फाइलमध्ये: यूडीआयडी कार्ड म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, पालकत्वाचा दाखला, निरामय विम्याचं कार्ड, पेन्शनचे कागद, आणि कोणाची सही कशासाठी चालते याची एक पानाची यादी. निरामय ही राष्ट्रीय न्यासाचीच योजना, त्याच चार अक्षमतांसाठी, वर्षाला एक लाखापर्यंत. फाइल कुठे आहे हे तिघांना माहीत आहे.

मोबाइल नंबरची एक गंमत राहिलीच. छोटूच्या आधारला बाबांचा नंबर जोडलेला होता. प्रीपेड सिम तीन महिने वापरलं नाही तर कंपनी ते बंद करू शकते, आणि पुढे तोच नंबर दुसऱ्या कोणाला मिळतो. म्हणजे छोटूच्या नावाचे ओटीपी कोण्या अनोळखी माणसाच्या फोनवर वाजत असणार. संजय गांधी निराधार योजनेचे पैसे ज्यांना येतात, ज्यांना दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो, त्यांच्या घरी तर हा नंबर आजच तपासा. आम्ही आधार केंद्रावर जाऊन माझा नंबर जोडला. एकाच माणसाच्या फोनवर सगळं टांगलेलं असणंही धोक्याचंच, पण ओटीपीला दोन वाटा नाहीत, तेव्हा माझ्या फोनचं कुलूप वहिनीला माहीत आहे.

पान दरवर्षी बदलायचं तर दिवस ठरलेला हवा, नाहीतर पुन्हा 2009 होतं. आम्ही मारबतीचा दिवस ठरवला. तान्ह्या पोळ्याला नागपुरात काळी-पिवळी मारबत निघते, म्हणजे इडापिडा घेऊन जाणाऱ्या मोठ्या बाहुल्यांची मिरवणूक, सगळा रस्ता "घेऊन जा गे मारबत" म्हणून ओरडत असतो, आणि छोटूचा तो वर्षातला सगळ्यांत आवडता दिवस. मिरवणूक बघून आलो की तो पानावरचे बंद पडलेले नंबर लाल पेनने खोडतो आणि प्रत्येक नंबरला तेच ओरडतो. पहिल्या वर्षी शेजारच्या काकूंचा नंबर गेला, जुन्या डॉक्टरांचा गेला. बाबांच्या लँडलाइनशी आला तेव्हा त्याने पेन खाली ठेवलं. मी समजावलं, आईने समजावलं, दादांनी तर चक्क हळू आवाजात समजावलं. नाही म्हणजे नाही. तेव्हा तो नंबर पानाच्या अगदी खाली आहे, चौकटीबाहेर, आणि त्यापुढे कंसात लिहिलं आहे: लावू नये.